बेळगावहून ४२ जणांची मुंबई सहल : तीन दिवस कसे लावायचे?

टिळकवाडी_कट्टा

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबई बघायला जायचं ठरतंय. एकूण ४२ जण : बेळगाव शहरातले २६, खानापूरचे १०, निपाणीचे ६. त्यात साठी ओलांडलेले १९ आणि शाळकरी पोरं ५. घरात मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे साधारण निम्मे-निम्मे.

१७ जानेवारीला शनिवार आहे. सकाळी इथल्या हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन झालं की संध्याकाळी निघायचं. रविवार, सोमवार, मंगळवार मुंबईत आणि बुधवारी सकाळी घरी. नुसतं गेटवे, चौपाटी आणि खरेदी नको. पारशी, ज्यू, बोहरी, गुजराती, कोळी, कानडी, चिनी अशा किती लोकांनी मिळून ते शहर उभं केलं, ते मंडळींना दिसावं ही इच्छा आहे.

एक ट्रॅव्हल्सवाले "एका दिवसात १८ पॉइंट दाखवतो" म्हणतात. ते घ्यावं का? बस न्यावी की रेल्वे? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

शहापूर_पेठ

१८ पॉइंटचा हिशेब आधी करून बघा. एका दाराच्या बसमधून ४२ माणसं उतरायला आठ-दहा मिनिटं, मोजून परत चढवायला दहा-बारा. म्हणजे एका ठिकाणामागे वीस मिनिटं दारातच. १८ ठिकाणांना सहा तास. उरलेला वेळ सिग्नलला. मग निम्मे "पॉइंट" खिडकीतूनच दाखवतात आणि माणसं "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" ऐकत दमून जातात.

मुंबई बघायची तर दिवसाला एकच भाग धरायचा आणि त्या भागात पायी फिरायचं. गाडी फक्त एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यापुरती. ज्येष्ठ मंडळी असली तरी हेच बरं. दोन-अडीच किलोमीटर, मध्ये बसत-बसत, बहुतेकांना जमतं. त्रास होतो तो सारखं चढ-उतार करण्याचा.

निपाणी_नाका

बसची बाजूही सांगतो, म्हणजे तुलना नीट होईल. बेळगाव ते मुंबई साधारण ५०० किलोमीटर. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आणि पुढे द्रुतगती मार्ग, एवढे टोल. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे वळसे आहेत, त्यामुळे दहा तास म्हणाल तर बारा धरा. रात्रीच्या प्रवासाला चालक दोन पाहिजेतच. "एकच आहे, पण पक्का आहे" हे ऐकून घ्यायचं नाही.

गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते कागद हातात घेऊन बघा, मुदतीची तारीख वाचा. विमा आणि फिटनेसही बघा. सीमाप्रश्नावर वातावरण तापलं की कोगनोळीच्या आसपास गाड्या अडतात, हेही आपल्याकडच्या माणसांनी धरून चालायला हवं.

बसचा फायदा एकच : सामान आणि ज्येष्ठ मंडळी दारापासून दारापर्यंत जातात. पण मुंबईत शिरल्यावर तीच बस अडचण होते. दक्षिण मुंबईत मोठी बस उभी करायला जागा नाही, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोठ्या गाड्यांवर निर्बंध असतात. तीन दिवस बस आणि दोन चालक नुसते सांभाळत बसाल.

घटप्रभा_लाईन

रेल्वेच घ्या. हुबळी-दादर एक्सप्रेस संध्याकाळी बेळगावहून, पहाटे दादर. परतीला तीच गाडी दादरहून रात्री. निपाणीत रेल्वे नाही, त्या सहाजणांनी बेळगावला उलटं येण्यापेक्षा कोल्हापूरहून महालक्ष्मी धरावी आणि सीएसएमटीपर्यंत न जाता दादरलाच उतरावं. खानापूरकरांनी तिकीट काढताना चढण्याचं स्टेशन नीट टाकावं. बेळगाव टाकून अलीकडेच चढलं तर वाद होतो, आणि अलीकडचं स्टेशन टाकून बेळगावला चढलं तर सीट दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १७ जानेवारीचं १८ नोव्हेंबरला आणि २० जानेवारीच्या परतीचं २१ नोव्हेंबरला उघडेल. दोन तारखा वेगळ्या आहेत. "परतीचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांची परत येताना वेटिंगवर गाठ पडते.

एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण. एका आयआरसीटीसी खात्यावर महिन्याला १२ तिकिटं, आधार जोडलेलं असेल तर २४. तेव्हा खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, आदल्या रात्री ओटीपीशी झटापट नको. सगळ्यांची नावं, वय, बर्थची पसंती मास्टर लिस्टमध्ये आधी भरून ठेवा. ८ वाजता नावं टाइप करत बसलात तर बर्थ गेले.

आणि हे नीट वाचा, कारण इथंच बहुतेक गट फसतात. खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे, तो पुरुष ६० च्या पुढे आणि महिला ४५ च्या पुढे, पण तिकिटावर एकटा किंवा दोघेच असतील तरच. सहाजणांच्या तिकिटात आजी-आजोबांना घातलंत की तो कोटा लागत नाही, आणि गुडघे धरलेल्या माणसाला वरचा बर्थ येतो. म्हणून १९ ज्येष्ठांची दोन-दोनची तिकिटं वेगळी काढा, बाकीच्यांची सहा-सहाची. डबा एक आला नाही तरी चालेल. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे, ती हिशेबात धरू नका.

गणेशपूर_ते_गिरगाव

थांबा थांबा. १८ जानेवारी म्हणजे जानेवारीचा तिसरा रविवार. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते! सुरुवातच सीएसएमटीपासून. पहाटेपासून फोर्ट, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, माहीम, शिवाजी पार्क या पट्ट्यातले रस्ते दुपारपर्यंत बंद किंवा वळवलेले. रविवारी सकाळी फोर्ट बघायचा बेत कराल तर ४२ माणसं बॅरिकेडच्या अलीकडे अडकतील.

शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवरच्या गाड्या बंद. मध्य रेल्वेवर तो साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. कुठल्या लाइनवर, ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं.

टिळकवाडी_कट्टा

बापरे, हे माहीतच नव्हतं. मग तारीख बदलावी का? १७ तारखेची सांगड सुटू नये असं सगळ्यांना वाटतंय.

गणेशपूर_ते_गिरगाव

तारीख बदलू नका, दिवसांची अदलाबदल करा. पुढच्या आठवड्यात गेलात तर २६ जानेवारी मध्ये येते, आणि त्या दिवशी गेटवेला पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत महाशिवरात्रीला घारापुरीवर यात्रा. कुठली ना कुठली अडचण येतेच. ती आधी कळली की झालं.

*रविवार : दादर पूर्व, माटुंगा, भायखळा.* या भागाला मॅरेथॉनचा त्रास नाही. पहाटे दादरला उतरलात की सामान खोलीवर टाका. खोली घेताना एक विचारा : चेक-इन दुपारी १२ चं की २४ तासांचं? बाराचं असेल तर दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या, एक महिलांना, एक पुरुषांना, आंघोळीपुरत्या. सगळ्याच खोल्यांचे पैसे भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ आणि एक झेरॉक्स, नाहीतर काउंटरवर तास जातो.

आंघोळीची पाळी येईपर्यंत ज्यांना चालायचंय त्यांनी दादर पश्चिमेचा फुलबाजार बघून यावा, स्टेशनला लागूनच. झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग आणि डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल. वाटेच्या मधोमध फोटोला थांबायचं नाही. ओझं घेतलेला माणूस थांबू शकत नाही, धक्का आपल्यालाच बसतो.

नऊच्या सुमारास माटुंगा पूर्व, किंग्ज सर्कलच्या बाजूला. मेगाब्लॉक असल्यामुळे रविवारी लोकल सोडा. २२-२५ आसनांच्या दोन मिनीबस दिवसभरासाठी तिथल्याच घ्या. माटुंग्यात तमिळ, कानडी, मल्याळी, गुजराती वस्ती शेजारी-शेजारी. फुलांचे गजरे करणारी दुकानं, केळीची पानं, फिल्टर कॉफीची पूड, कांजीवरम साड्या. तुमच्यातल्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींनी दुकानात कन्नडमधून विचारून बघावं, उत्तर कन्नडमधूनच येण्याची शक्यता बरीच. इथली उडुपी खाणावळींची परंपरा १९४० च्या आसपासची. कॅफे मद्रास १९४० चं, रामनायकांचं उडुपी १९४२ चं. पण ४२ जणांना एका वेळी जागा कुठेच मिळणार नाही. सहा-सहाचे गट करून वेगवेगळ्या हॉटेलांत पाठवा आणि भेटायची वेळ ठरवा. रविवारी सकाळी रांग अर्ध्या-पाऊण तासाची धरा.

दुपारी भायखळा. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. बुधवारी बंद, शेजारची राणीची बागही बुधवारी बंद. तुम्हाला रविवार आहे, अडचण नाही. संग्रहालयात वेगवेगळ्या जातीजमातींच्या पगड्या-पेहरावांच्या छोट्या मातीच्या बाहुल्या आहेत. शहर कुणाकुणाचं आहे हे एका दालनात बघायचं असेल तर ते इथं. प्रत्येक पगडीचा पीळ वेगळा, ती काचेजवळ जाऊन बघावी. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, त्याच्यापाशी सगळ्यांना मुद्दाम थांबवा. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात पडून त्याचे तुकडे झाले, १९१४ साली पुन्हा जोडला. मंगळवारी बेटावर जाल तेव्हा मंडळींना तो आठवेल.

भायखळ्यातच मागेन डेविड हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि माझगावात १९१९ चं सी यिप हे चिनी मंदिर. मंदिर एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, एका वेळी दहा-बाराच्या वर जाऊ नका.

संध्याकाळी, मॅरेथॉन केव्हाच संपलेली असते, तेव्हा चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क. तिथून समुद्रावर सूर्यास्त.

चिकोडी_मास्तर

चैत्यभूमीला जाताना पोरांना एक सांगा. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची परिषद निपाणीत झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ७ डिसेंबर १९५६ ला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते या दादरच्या किनाऱ्यावर. आपल्या तालुक्याचं आणि या जागेचं नातं असं आहे.

खानापूर_अक्का

मास्तर, छान माहिती. गणेशपूर_ते_गिरगाव दादा, सोमवारचं सांगा की. आणि सिद्धिविनायक कधी घ्यायचं? बायका विचारणारच.

गणेशपूर_ते_गिरगाव

अक्का, सिद्धिविनायक मंगळवारी अजिबात नको. मंगळवारी रांग तासन्‌तास, अंगारकी असली तर विचारूच नका. सोमवारी पहाटे सहाच्या आत ज्यांना जायचंय त्यांनी दादरहून टॅक्सीने जाऊन आठपर्यंत परत यावं. सोमवारी बाबुलनाथला गर्दी असते, ते सोडा.

*सोमवार : फोर्ट, पायी.* सकाळी आठ ते साडेदहा दादरहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलला गटाने हात लावू नका. लोकल स्टेशनात जेमतेम २०-३० सेकंद थांबते. तेवढ्यात पाच-सहा माणसं चढतात आणि बाकीची फलाटावर राहतात. मेट्रो ३ घ्या, भुयारी, कफ परेड ते आरे. दादरहून बसलात की थेट "हुतात्मा चौक" स्टेशन. प्रत्येकाचं क्यूआर तिकीट वेगळं, ते बाहेर पडतानाही लागतं, चुरगळू नका. भुयारात मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, कुठल्या स्टेशनला उतरायचं ते प्रत्येकाला आधी पाठ असू द्या. सरकता जिना लांब आहे. नऊवारी किंवा लोंबता पदर असेल, किंवा नुसती धाकधूक वाटत असेल, त्यांनी लिफ्टनेच जावं. लिफ्टशी एक माणूस वर, एक खाली उभा करा.

हुतात्मा चौकातूनच सुरुवात करा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक : मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. शनिवारी बेळगावच्या हुतात्मा चौकात वाहिलेलं फूल आणि सोमवारी इथलं, दोन्ही एकाच लढ्याचं. इथं दहा मिनिटं शांत उभं राहू द्या मंडळींना, गाइडला बोलू देऊ नका.

तिथून पूर्वेला हॉर्निमन सर्कल. कडेला सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. फोर्टच्या तटाला या चर्चच्या दिशेने जी वेस होती ती चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला, नाव स्टेशनला राहिलं. समोर एशियाटिकचा टाउन हॉल, १८३३. पायऱ्या तीस आहेत. ज्यांना चढायचं नाही त्यांनी बागेत बसावं, बाक आहेत, झाडी आहे.

मग फोर्टमधली एखादी अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, बाहेरून. माणेकजी सेठ अग्यारीच्या दारावर माणसाचं तोंड आणि बैलाचं अंग असलेले पंखवाले पुतळे आहेत, प्राचीन इराणच्या धर्तीचे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. दारात उभं राहून "जरा बघू द्या" म्हणून विनवायचं नाही, तो त्यांच्या धर्माचा नियम आहे. पुतळे रस्त्यावरून नीट दिसतात. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, तिथंही तेच.

काळा घोडा : निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४ चं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, भेट बंद. बाकीच्या दिवशी ओळखपत्र दाखवून, पिशव्या तपासून, थोडे-थोडे सोडतात. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी जवळ ठेवा. ४२ जण एकदम दारात उभे करू नका. आधी एकाने जाऊन विचारायचं, बाकीच्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीत थांबायचं.

लगेच पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सोमवारीही उघडं असतं, म्हणून सोमवारी ठेवलंय. सगळं बघायचा हट्ट करू नका. दीड तास धरा : खालचं शिल्पदालन आणि वरच्या मजल्यावर लघुचित्रं. नंतर ओव्हल मैदान. एका अंगाला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, १८७८ च्या काळातलं गॉथिक. दुसऱ्या अंगाला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मैदानाच्या मधोमध उभं राहून आधी इकडे, मग तिकडे बघायचं. एवढं पुरे.

रात्री सातनंतर सीएसएमटी बाहेरून, दिवे लागल्यावर. १८७८ ते १८८८ दहा वर्षं बांधकाम चाललं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. कमानींवरची माकडं, मोर, पानं शोधायला पोरांना लावा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. परत जाताना मेट्रोच.

येळ्ळूर_शिवार

मंगळवार घारापुरी ना? तिथलं मी लिहितो.

घारापुरी सोमवारी बंद, हे पहिलं. मंगळवारी बोटी सकाळी नऊच्या सुमारास गेटवेहून सुटायला लागतात. साडेआठला गेटवेवर असा. तपासणीची रांग असते, पिशव्या कमी न्या. गेटवेजवळ स्वच्छतागृह आहे, तिथं सगळ्यांना पाठवूनच बोटीकडे चला. पुढचा तासभर सोय नाही, आणि वयस्क माणसं संकोचाने बोलत नाहीत.

तिकीट जाण्या-येण्याचं एकच असतं, परतीपर्यंत जपायचं. ती गटप्रमुखाने ठेवावीत. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, "मला पोहता येतं" चालणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर बोटीचा मोठा अपघात झाला. जॅकेटचे पट्टे बांधलेले आहेत का ते गटप्रमुखाने हात लावून बघायचं. बोट जास्त भरलीय असं दिसलं तर पुढची घ्या.

चढताना-उतरताना बोट वरखाली होते. आधी एक तरणा माणूस उतरतो, मग एकेक ज्येष्ठ, मनगट धरून. बोटं धरायची नाहीत, हात निसटतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते, दर आधी ठरवा आणि जाण्या-येण्याचा ठरवा. ग्रामपंचायतीचा थोडका कर आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, भारतीयांना माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना माफ. माकडं हातातली बाटली आणि खाऊची पिशवी हिसकावतात. खायचं काही बाहेर काढूच नका. घट्ट बंद पिशवीत, खांद्यावर पुढच्या बाजूला.

मोठ्या लेण्यात उत्तरेकडून आत जायचं. समोर दक्षिण भिंतीत सदाशिव, सुमारे १८ फूट. सगळे त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश सांगतात. तसं नाही. तो एकच शिव. मधलं मुख शांत, एका बाजूला उग्र अघोर, मिशा आणि हातात साप. दुसऱ्या बाजूला स्त्रीसारखं कोमल, हातात कमळ. उग्र तोंडाचा ओठ आणि कोमल तोंडाचा ओठ, दोन्ही एकापाठोपाठ बघा, मूर्तिकाराची छिन्नी किती हलकी पडलीय ते कळेल. त्याच्या दोन बाजूंना अर्धनारीश्वर आणि गंगाधर. मग शिवपार्वती विवाह, अंधकासुरवध, रावणानुग्रह, नटराज. ४२ जणांचे दोन गट करा. एक गट सदाशिवापाशी असताना दुसऱ्याने लिंगाच्या गाभाऱ्याचे द्वारपाल बघावेत.

चिकोडी_मास्तर

येळ्ळूर_शिवार यांनी छान लिहिलंय. एक जोड. चालुक्य दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी "पुरी" जिंकल्याचं आहे. ती पुरी म्हणजे घारापुरीच असं बरेच अभ्यासक मानतात. बदामी-ऐहोळे बघितलेल्या मंडळींना ते सांगा. तिकडच्या लेण्यांतली शैवशिल्पं डोळ्यांत असली की इथली ओळखीची वाटतात.

गेटवेचंही सांगतो. तो लोकांसाठी खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला, व्हाइसरॉयच्या हस्ते. आणि त्याच महिन्यात, २६-२७ डिसेंबरला, आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. एकीकडे साम्राज्याची कमान उभी राहिली, तिकडे तीन आठवड्यांत टिळकवाडीत स्वराज्याची सभा. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बाहेर पडली. मंगळवारी दुपारी बोटीतून परतल्यावर वेळ असेल तर गावदेवीचं मणिभवन घ्या. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत तिथं उतरत.

खानापूर_अक्का

आता जेवणाचं आणि कपड्यांचं मी लिहिते, पुरुष मंडळी ते विसरतात.

गाडीतली पहिली रात्र घरचंच : ज्वारीची कडक भाकरी, दशम्या, शेंगाचटणी, सुकी बटाट्याची भाजी. दही-ताक, ओली आमटी नको, रात्रभरात आंबतं. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तर ४२ जणांच्या १२६ होतात. चार घरांत वाटून घ्या, एकीवर टाकू नका. मुंबईत बाहेर फिरताना माणशी दिवसाला दोन लिटर पाणी. म्हणजे ८४ लिटर. वीस लिटरचे पाच जार खोलीवर मागवून सकाळी बाटल्या भरायच्या.

जानेवारीत बेळगावात सकाळी स्वेटर लागतो, मुंबईत दुपारी घामाने चिंब. जाड साड्या, लोकरी बंड्या गाडीपुरत्याच. सुती दोन जोड्या जास्त. घामाने अंगातलं मीठ जातं आणि चक्कर येते, लोकांना वाटतं बीपी. ओआरएसची पाकिटं प्रत्येक गटात दहा. रोजच्या गोळ्या चार दिवसांच्या ऐवजी सहा दिवसांच्या, आणि खोलीत नाही, अंगावरच्या पिशवीत. चप्पल नवी नको. देवळात, दर्ग्यात काढायची असते म्हणून बंदाची नको, पण मागे पट्टा असलेली पाहिजे, नाहीतर बोटीवर घसरते.

शहापूर_पेठ

पैशाचं थोडं. ४२ नी भागाकार करू नका. खोल्या, मिनीबस, गाइड हे खर्च ठरलेलेच असतात, माणसं कमी झाली तरी तेवढेच. शेवटच्या आठवड्यात तीन-चार जण गळतात. तेव्हा ठरलेला खर्च ३८ नी भागा, आणि जेवण, बोट, प्रवेश हे माणशी धरा. वर दहा टक्के राखीव. उरले तर परत करा. निघण्याच्या किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळणार, ते पैसे घेतानाच लिहून द्या, म्हणजे नंतर नात्यात कटुता येत नाही.

टिळकवाडी_कट्टा

मंडळी, मनापासून आभार. एक काळजी राहतेच. माणूस चुकला तर? १९ ज्येष्ठ आहेत, काहींकडे साधा फोन आहे, दोघांना कन्नडच येतं.

घटप्रभा_लाईन

सहाचे सात गट, प्रत्येकाला एक प्रमुख, तीन दिवस बदलायचा नाही. पूर्ण गट मोजायचा नाही. प्रमुखाने आपले सहा मोजून "सहा पूर्ण" म्हणायचं, तुम्ही सात वेळा ऐकायचं. मोजणी *निघण्याआधी* करायची. पोहोचल्यावर मोजली तर चुकलेला माणूस मागच्या ठिकाणी अर्धा तास आधीच राहिलेला असतो. जास्तीत जास्त माणसं स्वच्छतागृहानंतर आणि दुकानाजवळ चुकतात, तिथं हमखास मोजा.

सगळ्यांना एकाच रंगाची टोपी, पिवळी लांबून दिसते. गळ्यात कार्ड : नाव, खोलीचा पत्ता, दोन प्रमुखांचे फोन, आजार आणि गोळ्या. मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा.

आणि नियम एकच, सगळ्यांना तोंडपाठ : चुकलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, शोधायला इतरांनी जायचं. मेट्रोत दार बंद होऊन कोणी फलाटावर राहिला तर त्याने तिथंच बाकावर बसायचं. पुढे गेलेल्यांतला फक्त एकजण पुढच्या स्टेशनला उतरून परत येईल. कोणी एकटा गाडीत राहून पुढे गेला तर पुढच्याच स्टेशनला उतरून फलाटावर थांबायचं. दोन्हीकडचे एकदम हलले तर दोघेही एकमेकांना ओलांडून जातात.

दादर स्टेशनचं एक राहिलं. डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे क्रमांक सलग झालेत : पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुना मुंबईकर ओळखीचा "एक नंबरला या" म्हणाला तर कुठला एक, ते विचारा. परतीच्या गाडीचा फलाट मंगळवारी बोर्डवर बघूनच चला, आणि गाडीच्या तासभर आधी सगळे सात गट आपापल्या डब्याच्या खुणेपाशी उभे.

टिळकवाडी_कट्टा

लिहून घेतलं. १८ नोव्हेंबरला सकाळी आठच्या आधी चार खाती उघडून बसतो. तिकिटं हाती आली की डबे आणि बर्थ इथंच टाकतो; निपाणीकरांनी महालक्ष्मीचं त्याच दिवशी काढावं.